बंद केलं की मराठी जाती

कॉम्प्युटर छळतो म्हणता ना, मग माझ्या बेंबळी गावच्या चुलत्यांचं ऐका. अण्णा म्हणतो मी त्यांना. लकव्यानं काकूंची वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. लिहून तरी बोलतील म्हणून मी बॅटरी गेलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून मराठी कीबोर्ड लावून दिला. आठ दिवसांनी अण्णांचा दुसऱ्यांदा फोन.

"बंद केलं की मराठी जाती बघ. म्हणून चार दिस झाले, बंदच केलं न्हाय."

गेलो तर लॅपटॉप लई तापलेला आणि अण्णा त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत बसलेले.

चूक माझीच होती. मी लावलेला कीबोर्ड मशीन चालू असेपर्यंतच टिकणारा होता, कायमची सेटिंग करायची राहिली होती. ती केली आणि म्हणालो, "आता एकदा बंद करून बघू."

अण्णांनी माझं मनगट धरलं. "नको लेका. मागं लाईट गेली अन् इंग्रजीच उमटाय लागलं. तू फोनवर सांगून नीट करेपर्यंत ही रडत होती. परत गेलं तर?"

"मी हाय की इथं," म्हणालो आणि बंद केला.

परत चालू होईपर्यंत अण्णांनी मनगट सोडलं नाही. मग काकूंनी लॅपटॉप पुढं ओढला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, 'अहो'.

त्यांना खेटूनच बसलेले अण्णा, शेतातनं ओ द्यावी तसे मोठ्यानं म्हणाले, "ओ! आलो, आलो!"