उर्मिलाच्या लॅपटॉपमधला फोल्डर

नाही हो देवदत्त, व्हायरसबियरस काही नाही, चालतो व्यवस्थित—फक्त तो कॅशचा फोल्डर होता तसा करून द्या. शनिवारी फोन आला नव्हता का तुमच्या दुकानात, इंटरनेटवर बघितलेल्या पानांच्या फायली ब्राउझर कुठे साठवतो म्हणून? तो मीच, प्रभादेवीचा विजयकर. तुम्ही बिचाऱ्यांनी सगळा रस्ता सांगितलात—सी ड्राइव्ह, युजर्स, मग ते लपवलेलं ॲपडेटा, ‘आधी हिडन आयटम्सवर टिक करा काका’—आणि मी म्हटलं, माझाच लॅपटॉप आहे. माझा नाहीये. मिसेसचा आहे. उर्मिलाचा. शाळेतून रिटायर झाली तेव्हा हौसेनं घेतला तिने. आता हिस्टरी रोज पुसते हो ती! मग माणसाला वाटणारच ना—काय वाटणार? काही नाही, सवय माझी. तिची पत्रं आधी मी फोडायचो, फोन कोणाचा आला ते अजून बघतो. चाळीस वर्षं. काळजीपोटी—असं आपलं मी म्हणायचो.

तर त्या फायलींना नुसते आकडे, पुढे काहीच नाही. ती भाजी आणायला गेली तेव्हा बसलो एकेकीच्या नावापुढे जेपीजी लावत, फोटो असला तर उघडेल म्हणून. आणि उघडायला लागल्या—खोल्या. एक खिडकी, एक पलंग. दुसरी खोली, तिथेही पलंग एकच. एका फोटोत पाटी—शीवची कुठलीशी जागा, फक्त बायकांसाठी. वाटलं, बहिणीसाठी बघत असेल. बहीण आहे कुठे तिला!

जेवताना विचारलंच मी, शीवला खोली कशाला गं? ओरडली असती तर बरं झालं असतं. आमटी वाढता वाढता थांबली. ‘अहो, तुम्हाला कसं कळलं?’ सांगितलं सगळं—खोटं सुचलंच नाही ऐन वेळी. तर म्हणते, ‘म्हणूनच.’ बस. एवढंच. आज सकाळी गेलीय जागा बघायला.

काय, सगळी कॅश पुसून टाकू? नको, नको—पुसलं तरी मीच पुसलं ना! मी हात लावलाच नव्हता असं दिसायला हवं. हो, तिला कळलंय, कळलंच आहे, तरी पण... नाही होत? बघा ना जरा, तुम्हाला सगळं येतं. ती घरी यायच्या आत— पासवर्ड? आहे ना, पाठ आहे मला, मागे उभा राहून तिची बोटं बघून मी—

नको. राहू द्या. मिटा तो, द्या इकडे.