चौदा फायलींमधली पेन्सिल

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड डॉसन, लिंकनच्या विद्यापीठ ग्रंथालयातून एवढ्या लांब आलेल्या मिस लिंडक्विस्ट, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले बँडमास्तर मिस्टर ऑर्विल क्रमली, त्यांच्या पत्नी ओडेसाबाई, जुन्या बँडमधले माझे सगळे सोबती, आणि उत्तर ओमाहातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

भाषण करायची मला सवय नाही. मी शाळेत शिकवते, आणि तिथे ऐकणाऱ्यांना उठून जाता येत नाही. इथे दारं उघडी आहेत आणि मागच्या टेबलावर कोंबडी तळून ठेवलेली आहे, त्यामुळे मला माझी जागा ठाऊक आहे.

मिस्टर क्रमली पुढच्या आठवड्यात लॉस एंजेलिसला, मुलीकडे राहायला जात आहेत. त्यांच्याबद्दल चार शब्द बोल, असं रेव्हरंडनी मला सांगितलं. तारखा चुकू नयेत म्हणून मी रोजनिशीच्या बारा वह्या काल पुन्हा चाळल्या. बँड एकतीस साली निघाला आणि एकोणपन्नास साली थांबला. नाव होतं ‘क्रमलींचे बारा ड्यूक’. मी सदतीस साली बँडसाठी संगीताच्या प्रती उतरवायला लागले, तेव्हा त्या बारा ड्यूकांत चौदा माणसं होती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस्टर क्रमली, पाटीवर बारा आणि बसमध्ये चौदा, हे कसं?"

ते म्हणाले, "पाटी आधी रंगवली."

"मग बदलायची ना."

"हे बघ प्रोफेसर, दोघं पाहुणे आहेत असं समज. कोण ते मला विचारू नको, सगळ्यांनाच तो आपणच असं वाटतं आणि त्यामुळे सगळे वेळेवर येतात."

मी कॉलेजात गेले होते एवढ्यावरून त्यांनी मला प्रोफेसर केलं. त्या पदावर मी अजून आहे.

आता कामाचं बोलते. माझ्या पायाशी ही पेटी तुम्हाला दिसते आहे. हिच्यात बँडचं सगळं संगीत आहे, चौदा फायली. समारंभ संपला की मिस लिंडक्विस्ट ही पेटी ग्रंथालयात ठेवण्यासाठी घेऊन जाणार. दोन महिन्यांपूर्वी मिस्टर क्रमलींनी मला बोलावून एक काम सांगितलं: या फायलींवर जेवढं पेन्सिलनं लिहिलेलं आहे, तेवढं सगळं खोडून टाक. ते मी किती केलं ते पुढे सांगते, पण ही पेटी खोडून जाणार की तशीच जाणार, हे या हॉलमध्ये, मी खाली बसायच्या आत ठरायचं आहे. ठरवणारी मी नाही, म्हणून हे भाषण जरा लांबेल. माफ करा.

ज्यांनी बँडमध्ये कधी वाजवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे फाईल माणसाची नसते, खुर्चीची असते. तिसऱ्या ट्रॉम्बोनची एक खुर्ची, तिची एक फाईल. माणूस डेट्रॉईटला जातो, लग्न करतो, सैन्यात जातो. फाईल खुर्चीवर राहते आणि नवा माणूस येऊन ती उघडतो. मी ती शाईनं लिहायचे. हस्ताक्षराचा मला फार अभिमान होता, आहे. आणि माझ्या त्या शाईच्या कडेला, वर, खाली, जिथे जागा सापडेल तिथे, जाणारा माणूस येणाऱ्यासाठी पेन्सिलनं काहीतरी लिहून जायचा. थोडं वाचून दाखवते. दुसरा ट्रम्पेट, गाणं नंबर सात: "इथे पान उलटायला वेळ मिळत नाही. शेजारच्याशी भांडण असेल तर सातव्या नंबरच्या आधी मिटव." पहिला सॅक्सोफोन, नंबर बावीस: "या गाण्यात मला माझी बायको पहिल्यांदा दिसली. खिडकीपाशी बघत जा." त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात: "रोज बघतो. खिडकीपाशी फक्त हॉलचा मालक असतो."

मला हे लिखाण आवडायचं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या स्वच्छ पानांवर कोणी चिखलाच्या पायांनी चालून गेलं असं वाटायचं. आणि दुसरा एक ताप होता, चुरा. दर मंगळवारी तालमीला फायली उघडल्या की पानांच्या घडीत मक्याच्या पावाचा पिवळा चुरा. वाटेवरच्या गोऱ्यांच्या खानावळी आपल्याला बसू देत नसत, म्हणून ओडेसाबाईंचा मक्याचा पाव पत्र्याच्या डब्यातून आमच्याबरोबर तीन राज्यं फिरायचा, आणि त्या डब्याच्या सगळ्यात जवळ बसायचे आयझिया प्रूट, तिसरे ट्रॉम्बोन. मी बारा वर्षं दर मंगळवारी त्यांना बोलले. "मिस्टर प्रूट, हे संगीत आहे, ताट नव्हे." ते मान खाली घालून म्हणायचे, "हो मिस व्हर्ना." एकदाही दुसरं काही म्हणाले नाहीत. ते आज चौथ्या रांगेत बसले आहेत. प्रूट, तुमच्याकडे मी परत येणार आहे. उठू नका.

तर मी खोडायला बसले. पहिली फाईल हाती आली ती तिसऱ्या ट्रॉम्बोनची. दोन संध्याकाळी लागल्या. आणि मला आनंद होत होता. रोजनिशीत मी लिहिलं, "सांगितलेलं काम नीट करण्याचं समाधान." दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि वाटलं, खोटं आहे. मला सांगितलेल्या कामाचं समाधान नव्हतं. एकवीस वर्षांनी माझी पानं माझी झाली, याचं होतं.

दुसरी फाईल मी खोडायच्या आधी वाचायचं ठरवलं. चौथा ट्रम्पेट, नंबर एकतीस. शेवटच्या ओळीवर माझ्या शाईत ‘जोरात’ असं आहे. तिथे पेन्सिल: "जोरात लिहिलंय, पण म्हाताऱ्याचा डावा कोपर बघ. तो खाली आला तर पाळण्यातलं पोर आत्ताच झोपलंय असं वाजव." म्हातारा म्हणजे कोण ते सांगायला नको, तेव्हा ते पंचेचाळीसचे होते. मी बाकीच्या फायली भराभर उघडल्या. कुठे कोपर, कुठे गुडघा, कुठे भुवई. ज्या एकतीस नंबरसाठी लोक पार सू नदीपलीकडून गाड्या घेऊन यायचे, तो माझ्या शाईत नव्हताच. माझ्या शाईत एक बऱ्यापैकी सामान्य गाणं होतं. खरं गाणं पेन्सिलीत होतं. खोडलं तर ग्रंथालयात माझं हस्ताक्षर जाणार, आणि मिस्टर क्रमलींचं संगीत माझ्या टेबलाखाली रबराच्या भुग्यात पडून राहणार.

मग ठेवायची तशीच. सोपं आहे, नाही का? तसं मलाही वाटलं, त्याच पानाच्या पाठीमागची ओळ वाचेपर्यंत. ती अशी: "म्हातारा इथे दोन पानं पुढे गेलेला असतो. हसू नको."

आता मी जे सांगणार आहे ते त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. रेव्हरंड, तुम्ही काळजी करू नका. मिस्टर क्रमलींना स्वरलिपी वाचता येत नाही.

बँडमधल्या लोकांनी एकमेकांकडे बघू नये. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला एकोणचाळीसच्या जुलैमध्ये कळलं. नेब्रास्काच्या पश्चिमेला एका धान्यवाल्याच्या हॉलमध्ये नाच होता. मी घाईत त्यांच्या स्टँडवर हिरव्या पुठ्ठ्याची वही ठेवली आणि पियानोमागे येऊन बसले, तर त्यांची खरी प्रत माझ्या मांडीवर. मी ठेवलं होतं ते बियाण्यांचं सूचिपत्र होतं. चौदा माणसं वाजवायला लागली होती. मिस्टर क्रमलींनी चष्मा सारखा केला, आणि नंबर अठरा पहिल्यापासून शेवटपर्यंत, जिथे पान उलटायचं तिथे उलटत, सूचिपत्रावरून चालवला. ट्रम्पेट सुरू झाले तेव्हा ते सलगमच्या पानावर होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाणं कधी नव्हे इतकं सुंदर झालं. नंतर ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "प्रोफेसर, आजची प्रत स्वच्छ होती."

मी कोणाला बोलले नाही. कोणीच कोणाला बोललं नाही. चौदा माणसं आणि मी, आम्ही सगळे त्या माणसाला झाकत होतो आणि त्यांना ते कळू देत नव्हतो. आता ही पेटी आहे तशी गेली, तर ज्याला वाटेल त्याला ते वाचता येणार. एका माणसाचं संगीत वाचवायचं म्हणून त्याची अब्रू उघडी करायची का? आणि अब्रू झाकायची म्हणून त्याचं संगीत पुसायचं का? माझ्या रोजनिशीत यावर सहा पानं आहेत आणि सहाव्या पानावर मी पहिल्याच प्रश्नापाशी परत आले आहे. म्हणून गेल्या गुरुवारी मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

ओडेसाबाई भेंडी चिरत होत्या. मिस्टर क्रमली मक्याचा पाव खात होते. मी म्हटलं, "पेन्सिल खोडू नये असं मला वाटतं."

"पाहुण्यांकडे जाताना माणूस शर्टावरचा डाग धुतो, प्रोफेसर."

"डाग नाहीत ते. त्यात तुमच्याबद्दल लिहिलेलं आहे."

"माहीत आहे."

"काय लिहिलंय ते माहीत आहे?"

"मला टिंबं वाचता येत नाहीत. अक्षरं येतात. पेटी कोणाच्या घरी असायची? सोमवारी सुट्टी कोणाला असायची?"

ओडेसाबाई मान वर न करता म्हणाल्या, "दर सोमवारी याच टेबलावर बसून वाचायचे आणि हसायचे. पहिलं वर्षभर मला वाटत होतं बायबल वाचतायत. मग मनात आलं, त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?"

मी विचारलं, "आणि सलगम?"

"सलगम मला ओळखता येत नाही असं वाटलं तुला? मी जॉर्जियात वाढलो. करणार काय, नाच थांबवून सांगू, की माझ्या प्रोफेसरनं मला भाजी वाढलीय?"

एवढं बोलून त्यांनी पावाचा तुकडा मोडला, आणि पिवळा चुरा टेबलावर सांडला, जिथे बारा वर्षं माझ्या फायली उघड्या असायच्या तिथेच. मी त्या चुऱ्याकडे बघत राहिले. मला काय झालं ते त्यांना समजलं नाही. प्रूट, तुम्हाला आत्ता समजलं असेल.

मग मी विचारलं, "तुम्हाला लाज वाटत नसेल, तर खोडायचं कशाला?"

त्यांनी टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा केला. मग म्हणाले, "माझा कोपर कशासाठी खाली येतो हे मलाच माहीत नव्हतं. पोरांनी लिहिलं तेव्हा कळलं. मग मी तो मुद्दाम खाली आणायला लागलो. माझं शिक्षण त्या पानांवर झालं, प्रोफेसर. पण त्यांना वाटतं मला यातलं काही ठाऊक नाही. अठरा वर्षांत मला कोणी हसलं नाही. मला हे सगळं माहीत होतं असं आता कळलं, तर त्यांनी जे सांभाळलं ते वाया गेल्यासारखं वाटेल त्यांना. त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे."

मी म्हटलं, "मग गाणं जाईल."

ओडेसाबाई म्हणाल्या, "ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा ना. दोघं मिळून माझ्या भेंडीची वाट लावताय."

मिस्टर क्रमली म्हणाले, "विचार." म्हणून विचारते आहे. बँडमधल्या माझ्या बंधूंनो, ती पत्रं तुमची आहेत, तुम्ही एकमेकांना लिहिलेली. त्यांना ती माहीत होती. त्यांनी ती तुमच्यासाठी झाकून ठेवली, जशी तुम्ही त्यांच्यासाठी. आता ही पेटी कशी जावी, ते सांगा. उरलेल्या तेरा फायलींना मी हात लावलेला नाही. एक मात्र कोरी झाली आहे, आणि ती नेमकी प्रूट, तुमची. तुमची मी दोन प्रकारे गुन्हेगार आहे. जो चुरा तुम्ही कधी सांडला नाहीत त्याबद्दल बारा वर्षं बोलले, आणि जे तुम्ही लिहिलं होतं ते न वाचता पुसलं.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मागे ऐकू येत नाही.

मी सांगते. मिस्टर प्रूट म्हणतात, चुरा त्यांचा नव्हता हे त्यांना पहिल्याच मंगळवारी माहीत होतं. बसमध्ये मक्याचा पाव मुळी मंगळवारपर्यंत उरतच नसे. मग तो चुरा कोणाच्या घरचा, हे बँडमध्ये सगळ्यांनी ताडलं होतं. आणि ते म्हणतात, "आम्ही काय फक्त पुढच्या माणसाला लिहीत होतो का, मिस व्हर्ना? तोंडावर सांगता येत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यालाच लिहीत होतो."

मिस्टर क्रमली, ऐकलंत?

ऐकलं असं दिसतंय. ओडेसाबाई, त्यांना रुमाल द्या.

मागून कोणीतरी ‘तशीच जाऊ दे’ म्हटलं. तिकडूनही. हात वर करायची गरज नाही, मला मोजता येतंय. मिस लिंडक्विस्ट, पेटी आहे तशीच जाईल. आणि प्रूट, आता उठा. तुमची फाईल या टेबलावर आहे आणि शेजारी पेन्सिल आहे. तुमची ट्रेन पावणेसातला आहे म्हणालात, म्हणजे एकतीस नंबरपुरता तरी वेळ आहे. रबर मी मुद्दाम घरी ठेवला आहे. आणि ताटात मक्याचा पाव आहे, तो फाईलवर ठेवून खाल्लात तरी मी काही बोलणार नाही.

माझं संपत आलं. चर्चनं हॉल दिला, भगिनी मंडळानं जेवण केलं, मिस लिंडक्विस्ट रविवार असूनही आल्या, आणि तुम्ही एवढ्या वेळात उठून कोंबडीकडे गेला नाहीत, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर त्याबद्दल क्षमा मागते. वह्या पुन्हा तपासून दुरुस्त करीन. कागदावर मी शेवट बराच जोरात लिहून आणला होता, मिस्टर क्रमलींच्या गौरवाचा अख्खा परिच्छेद आहे. पण त्यांचा डावा कोपर खाली आलेला मला इथून दिसतो आहे.