जुनं बुद्धिबळ बसवून देता का?

नाही, पण मी म्हणतो, कालपर्यंत चालणारा खेळ आज एकदम परका कसा होतो हो? तुम्हाला सांगतो, मुलानं नवा कॉम्प्युटर पाठवला, इथवर ठीक. त्यात माझं जुनं बुद्धिबळ घालायला गेलो, तर पडद्यावर पाटी... 'हा प्रोग्रॅम या सिस्टिमशी सुसंगत नाही.' सुसंगत नाही? अहो, इतकी वर्षं संसार केला, हीसुद्धा कधी असं तोंडावर बोलली नाही! आता ती बोलायलाच नाही, ते सोडा.

लावला मुलाला फोन. तो तिकडे लांब. "बाबा, नवं फुकट मिळतं, ते घ्या ना!" घेतलं की! पण ते लेकाचं मी प्यादं सरकवायच्या आत खेळून मोकळं! जुनं कसं, एका खेळीला इतका विचार करायचं, की मी चहा टाकून, पिऊन, कप विसळून यायचो... घरात कुणीतरी विचारात बसलंय असं वाटायचं हो! पण नाही, सुसंगत नाही!

शेवटी म्हणाला, "थांबा, मीच इथून बघतो." कुठलासा नंबर विचारला आणि... तुम्हाला सांगतो, पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला! माझे हात मांडीवर आणि बाण हिंडतोय! माझा मुलगा हो! किती वर्षांनी घरात आला... इकडे उघड, तिकडे डोकाव, लहानपणी कपाटं उचकायचा अगदी तसा. "बाबा, केवढा पसारा हा!" ओरडलासुद्धा! इतकं बरं वाटलं! मग त्या सिस्टिमला त्यानं समजावलं, की बाई, तू जुनीच आहेस असं धरून चाल. आणि चाललं! "झालं बाबा, ठेवतो." बाण जागच्या जागी थांबला. मी आपला त्याच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? त्यानं बसवलेलं बुद्धिबळच काढून टाकलं! "अरे, पुन्हा सुसंगत नाही म्हणतंय." आला बिचारा. मी पुन्हा काढलं, पुन्हा आला! तिसऱ्यांदा मात्र म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. एक माणूस पाठवतो, तो कायमचं करून देईल."

आला माणूस. पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना एवढंच, "आता अडायचं नाही, काका." आणि खरंच अडत नाही हो! रोज प्रयत्न करतो मी... पण काढायला गेलं की पासवर्ड मागतं! आणि तो पासवर्ड त्या माणसानं दिलाय मुलाकडे. आता तो कुठल्या तोंडानं मागू, सांगा!