कौसल्या बघायची, म्या सांगायचो

म्या सास्तूरचा, लोहारा तालुका. सास्तूर म्हणलं की माणसं आधी भूकंपाचंच इचारतात, तुमच्या बी मनात तेच आलं आसंल, तर तेवढं सांगून टाकतो आन पुढं जातो. बाप गेला त्यात. भिंतीच तसल्या व्हत्या, दगडमातीच्या, हातभर रुंद, घर अंगावरच बसलं. आय वाचली, म्या वाचलो. मला तवा मिसरूड फुटत व्हतं. पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो, आन मग आयचा भाऊ आला, सोपानमामा. मामा लांबच्या शहरात रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात सईस व्हता, सईस म्हंजे घोड्याची उस्तवार करणारा. शहराचं नाव न्हाय घेत म्या, तिथली माणसं अजून हायेत, त्यांच्या मागं कशाला लचांड. मामा आयला म्हणाला, अक्का, पोराला न्हेतो, इथं ऱ्हायला तर नुसता त्या ढिगाऱ्याकडं बघत बसंल. आय म्हणाली, न्हे. आसा म्या घोड्यात गेलो.

आमच्याकडं घोडं म्हंजे वरातीपुरतं, आन आमच्या वस्तीतला नवरदेव घोड्यावर बसला म्हून एकदा गावात केवढा कालवा झालेला, आय सांगायची. आन तिथं काय सांगू तुम्हाला, सकाळ उजाडली की घोड्याच्या अंगावरनं हात फिरवायचा हेच आपलं काम. खरारा करायचा, पाय धुवायचे, पट्ट्या बांधायच्या, पळून आलं की घाम निवस्तर गोल गोल फिरवायचं. मामा शिकवायचा. म्हणायचा, घाम कुठं आलाय ते बघ, मानंवर आला तर येऊ दे, पर मागच्या मांड्यांत साबणावानी फेस आला तर घोडं भ्यालंय, त्याचं रेसच्या आधीच पळून झालंय. चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या पुढं पडतंय का बघ. कान कुठं हायेत बघ. म्या बघायचो. लई वर्सं तेच बघितलं, दुसरं काय बघितलंच न्हाय म्हणा.

तर तिथं एक मालक व्हता, रेसचं छापील पुस्तक काढायचा, कोणतं घोडं कोणत्या रेसला पळणार, मागच्या बारीला कितवं आलं, वजन किती, वर बसणार कोण, आन शेवटाला टिप, म्हंजे हे जिंकंल असं वाटतंय. त्या मालकाला रोज सकाळी मैदानावर उभा ऱ्हाऊन घोडी बघणारा माणूस पायजे व्हता. मामानं माझं नाव घेतलं. मग सईसकी सुटली. पुस्तक मागं पडलं आन मोबाईल आला, तवा मालक म्हणाला, आता तू बोलायचं. रेसच्या आधी घोडी रिंगणात फिरवतात, मान्सं कठड्याला रेलून बघतात, तिथं उभा ऱ्हायचं, बघायचं, आन मोबाईलवर बोलायचं, पयल्या रेसला चार नंबर, अंगात चमक हाय, चाल मोकळी हाय, त्याच्या मागं सात नंबर, नऊ नंबरचं नाव लई झालंय पर आज ते खुशीत न्हाय, सोडा. असं दिवसभर, परत्येक रेसला. ज्यांनी ज्यांनी नाव लिवलंय त्या सगळ्यांच्या मोबाईलवर माझा आवाज जायचा. सास्तूरच्या भाषेत बोलायचो, मालक म्हणायचा तसंच बोल, खरं वाटतंय.

खरं किती निघायचं? काय सांगू तुम्हाला, टिपवाल्यानं सांगितलेली लई घोडी मागंच ऱ्हातात. सगळ्या दुनियेत तसंच हाय. एक आलं, म्हंजे जिंकलं, की मान्सं हरलेली चार इसरतात, त्यावरच तो धंदा. पर मला त्यातलं घोड्याचं तेवढं आवडायचं. म्या सवता कधी पैसं लावलं न्हाय. मामानं शपथ घातली व्हती.

लगीन झालं मधी. कौसल्या, माहेर ईटचं, भूम तालुका. रानात राबलेली, जनावराची सवय, पर म्हशी-शेळ्यांची. तबेल्यामागं खोली व्हती आमची. मूलबाळ झालं न्हाय. तिनं कधी त्याचं बोलून दाखवलं न्हाय, म्या बी न्हाय.

मग डोळं गेलं. एकदम न्हाय गेलं, कडंकडनं गेलं. पयलं म्हणलं धुकं हाय, सकाळचं मैदान म्हणल्यावर धुकं असायचंच. मग दुपारी बी धुकं दिसाय लागलं. एक दिवस रिंगणाजवळ म्या मोबाईलवर काळं घोडं म्हणलो आन शेजारचा माणूस हसला, म्हणाला, भाऊ, ते तांबडं हाय. सोलापूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो, आयला बी भेटता येतंय म्हून. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, गेलेलं येत न्हाय, ऱ्हायलेलं टिकवू. ते बी टिकलं न्हाय. आय त्याच वर्साला गेली. तिचं तोंड म्या हातानंच बघितलं.

आता टिपवाल्याला दिसंना म्हणल्यावर काय ऱ्हायलं? म्या म्हणलं, मालकाला सांगतो आन गावाकडं जाऊ. कौसल्या म्हणाली, थांबा की जरा, म्या येते तुमच्यासंगं, म्या बघते, तुमी सांगा. म्या म्हणलं, तुला घोड्यातलं काय कळतंय? ती म्हणाली, कळाय कशाला पायजे, नुसतं बघायचं तर हाय.

मालकाला इचारलं. मालक म्हणाला, बायकोला आण न्हायतर सासूला आण, आवाज तुजा पायजे.

आन काय सांगू तुम्हाला, तो हंगाम. माझ्या जिनगानीत तेवढाच एक. ती कठड्याला उभी ऱ्हायची, डोक्यावर पदर, म्या तिच्या खांद्यावर हात ठिवून मागं. ती सांगाय लागायची, हळू आवाजात, आपल्या भाषेत. हा दोन नंबरचा मेला पाव्हण्यावानी आलाय, कुठं बसू कुठं न्हाय करतोय. ही पाच नंबरची नव्या सुनंवानी, जमिनीकडं बघून चाललीय. ह्याची पाठ बघा, आत्ताच तेल लावून बसवलेल्या पाट्यावानी हाय. म्या इचारायचो, मागचं पाऊल कुठं पडतंय? ती म्हणायची, पुढच्याच्या पार म्होरं, ईतभर. घाम? कोरडाय. कान? एक इकडं एक तिकडं. आन तेवढ्यावरनं माझ्या डोळ्यापुढं घोडं हुबं ऱ्हायचं, तुमाला खोटं वाटंल, दिसत व्हतं तवाच्यापेक्षा साफ. मग म्या मोबाईलवर बोलायचो. घोडी यायची तेवढीच यायची, जास्त न्हाय, कमी बी न्हाय. पर घराकडं येताना आमी दोघं नुसतं बोलत यायचो. लग्नाला एवढी वर्सं झाली, आमी एवढं कधी बोललोच नव्हतो. रेस नसली तरी ती सांगाय लागली, तो झाडावर पोपट बसलाय बघा, ती बाई भांडतीय, तिचं लुगडं अमसुली हाय. म्या म्हणायचो, अगं अमसुली म्हंजे कसलं? ती म्हणायची, तुमाला आंधळं व्हायच्या आधी बी कळत नव्हतं. आन हसायची.

त्या हंगामात एक घोडी व्हती, पांढरट राखी रंगाची. इंग्रजी नाव व्हतं तिचं, जिभंला वळायचं न्हाय, कौसल्या तिला साळू म्हणायची. ती रिंगणात आली की कौसल्याचा खांदा जरा वर व्हायचा, मला हाताला कळायचं. साळू कधी तिसरी, कधी चवथी, जिंकली कधीच नव्हती. हंगामाच्या शेवटाला कौसल्या म्हणाली, आज हिचं नाव घ्या. तिनं कधी असं सांगितलं नव्हतं. ती बघायची आन म्या ठरवायचो, असंच व्हतं आमचं. म्या इचारलं, का गं? ती म्हणाली, आज ती मान वर करून सगळ्यांकडं बघतीय, जणू तिला म्हाईत हाय. चाल इचारली, घाम इचारला, सगळं चांगलं व्हतं. मामा जिता असता तर तो बी तेच म्हणला असता. म्या मोबाईलवर बोललो, ह्या रेसला सहा नंबर, आज हिचा दिवस हाय.

रेस सुटली. भोंग्यावर नावं येत व्हती, साळू तिसरी, साळू दुसरी. कौसल्या माझं मनगट धरून व्हती. वळणावरनं घोडी आमच्या बाजूला वळली आन मान्सांचा आवाज वर वर जायाच्या ऐवजी एकदम खाली बसला. तो आवाज म्या वळखतो. तबेल्यातल्या कुणाला बी इचारा. म्या म्हणलं, काय झालं गं? ती म्हणाली, काय न्हाय. म्या म्हणलं, कोण पडलं? ती म्हणाली, आपली साळूच बसलीय जरा. वर बसणारा पोऱ्या उठलाय, चालतोय. तिला उठाय येईना, पुढचा पाय कसातरी धरलाय तिनं.

मग ती म्हणाली, मान्सं आली. मान्सं चांगली हायेत हो. हिरवं कापड धरून भवती हुबी ऱ्हायलीत, तिला ऊन लागू नये म्हून आसंल.

आता ते हिरवं कापड कशाला धरत्यात हे मला म्हाईत व्हतं. म्या सईस व्हतो. म्या सवता ते कापड धरलेलं हाय. पाय मोडलेलं रेसचं घोडं पुन्ना हुबं ऱ्हात न्हाय, डॉक्टर येतो, मान्सांनी बघू नये म्हून कापड धरायचं, आन मागं सुई देऊन त्याला सोडवायचं. कौसल्या इचारत व्हती, उठंल का ती? म्या म्हणलं, उठंल. ती म्हणाली, ऊन बी लई हाय आज. म्या म्हणलं, व्हय, ऊन लई हाय. दुसरं काय बोलाय पायजे व्हतं म्या? तुमी सांगा.

मग रोज इचारायची, साळू कशीय. म्या म्हणायचो, लांब कुरणात न्हेलीय, चरतीय. ती खूश व्हायची. गुळावानी गोड व्हतं ते, खोटं असलं तरी. पर तबेल्यात गोष्ट किती दिवस झाकती? च्या करणारी बाई व्हती, तिनं सहज सांगितलं, अगं ती तर त्याच दुपारी गेली. कौसल्या घरी आली. रडली न्हाय, ओरडली न्हाय. पाणी दिलं मला, आन म्हणाली, तुमाला दिसत न्हाय म्हून म्या बघत व्हते. मला कळत न्हाय तेवढं तुमी सांगायचं व्हतं. म्या कापडाकडं बघून हात जोडले, चांगली मान्सं म्हणलं.

म्या म्हणलं, तुला दुःख नको म्हून. ती म्हणाली, व्हय, बरुबर हाय तुमचं.

त्या दिवसापासनं ती मैदानावर आली न्हाय. म्या बळ केलं न्हाय. एकदोन रेसचे दिवस म्या नुसतं ऐकून, मागच्या बारीवरनं, अंदाजानं बोललो. मालक चांगला माणूस, त्यानं बोलावून जवळ बसवलं आन म्हणाला, भाऊ, आता तुज्या आवाजात घोडं दिसंना. खरं व्हतं त्याचं.

आता इथं सास्तूरला. भूकंपानंतर मिळालेलं घर हाय, आयच्या नावचं. कौसल्या दुसऱ्याच्या सोयाबीनवर जाती, खुरपाय, काढाय. म्या हितं दारात बसतो. गावातली मान्सं येतात कधी कधी, मोबाईल घिऊन, म्हणतात, काका, आज रेस हाय, एक नंबर सांगा. म्या म्हणतो, बाबांनो, मला आता एक बी घोडं म्हाईत न्हाय. जी म्हाईत व्हती ती मेली न्हायतर म्हातारी झाली. त्यांना वाटतंय म्या लपवतोय. काय लपवू?

कौसल्या बोलत न्हाय असं न्हाय. जेवा म्हणती, गोळी घ्या म्हणती, आंघोळीला पाणी काढते म्हणती. भांडण न्हाय आमच्यात, शेजारच्यांना इचारा. पर काय दिसतंय ते सांगत न्हाय. वर्सं झाली. परवा संध्याकाळी ती रानातनं आली, दारात बसली, म्या म्हणलं, कौसे, आभाळ कसं हाय गं आज? ती म्हणाली, हाय की वर.

बस, एवढंच.

पयलं वाटायचं येईल कधीतरी बोलाय. आता न्हाय वाटत. माणूस सवय करतंय. तिच्या चपलंच्या आवाजावरनं मला कळतं ती दमलीय का, तेवढं ऱ्हायलंय, ते बी लई हाय म्हणायचं.

तुमी निघा आता, गाडी चुकंल. तुमी आला व्हता हे म्या तिला सांगन, ती इचारायची न्हाय, पर म्या सांगन. तुमचं बरं व्हवो, लेकराबाळांचं बरं व्हवो. डोळं जपा. जयभीम.