कात्रीसाहेबांनी चुकीची लावलेली किंमत

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपल्या कंपनीचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेले, बँकेच्या कर्जविभागातून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. ज्यांच्या निवृत्तीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ते आपले सत्कारमूर्ती, आपले साहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी. वर्कशॉपमधून हात धुऊन आलेले आणि न धुता आलेले माझे सहकारी. आणि चहा नेमका कधी मिळणार या विवंचनेत असलेले बाकीचे सर्वजण, आपणां सर्वांना नमस्कार.

मला बोलायला उभं केलं, कारण मी विक्रीत आहे. विक्रीतल्या माणसाला बोलायला विषय लागत नाही, समोर माणूस असला की पुरतं, असा एक समज आहे. तो खरा आहे. पण आज माझ्याकडे विषय आहे, त्यामुळे थोडी पंचाईत झाली आहे.

पाहुण्यांना आपली इमारत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपण बसलो आहोत ते हे शोरूम. एरवी या खुर्च्यांच्या जागी गाड्या असतात, आणि माझ्या जागीही मीच असतो. इथे काच आहे, दिवे आहेत, फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते. मागच्या बाजूला आवार आहे. तिथे पत्र्याची शेड, एक टेबल, एक स्टूल, आणि गेली एकतीस वर्षं त्या स्टुलावर आपले साहेब. पुढच्या दाराने माणूस नवी गाडी घेऊन जातो. काही महिन्यांनी तोच माणूस तीच गाडी घेऊन मागच्या दाराने येतो आणि साहेबांना विचारतो, हिचे किती येतील?

साहेब गाडीभोवती एक फेरी मारणार. रंगाची जाडी मोजायचं ते छोटं यंत्र दारांना लावून बघणार. बोनेट उघडून नुसतं ऐकत उभे राहणार, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसे. मग चिठ्ठीवर आकडा लिहून ती वायपरखाली खोचणार आणि बाजूला होणार. हातात कधी देत नाहीत. मी एकदा विचारलं, हातात का देत नाही? म्हणाले, "वाचताना माणसाचा चेहरा बघवत नाही."

या चिठ्ठ्यांमुळेच त्यांना वर्कशॉपने कात्रीसाहेब हे नाव ठेवलं. साहेब, तुम्हाला ते माहीत नसेल असं आम्ही एकतीस वर्षं धरून चाललो होतो.

सगळ्यांत मोठी कात्री लागायची ती स्पोर्ट्स कारला. घरच्या साध्या गाडीची किंमत जिना उतरल्यासारखी उतरते, कठडा धरून. स्पोर्ट्स कारची किंमत गच्चीवरून उडी मारते. वर्षभरात चौथा हिस्सा गेला, तिसऱ्या वर्षी निम्मी राहिली तर नशीब. मी ग्राहकाला हे कधी सांगितलं का? अध्यक्ष महोदय समोर आहेत, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, नाही. साहेबांनी मात्र याचं कारण मला एकदा डबा खाता खाता समजावलं होतं. "ज्याला ती परवडते त्याला दुसऱ्याने वापरलेली नको असते, आणि ज्याला ती मनापासून हवी असते त्याला परवडत नसते. मग घेणार कोण?" असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. तेव्हा मला वाटलं, हे धंद्याबद्दल बोलत आहेत.

सात वर्षांपूर्वी मी एक निळी गाडी विकली. दोन सीटची, वरचं छप्पर मागे दुमडणारी, जमिनीपासून इतकी खाली की आत बसणं म्हणजे जवळजवळ आडवं होणं. घेणारे होते एक दाताचे डॉक्टर. दहा महिन्यांनी डॉक्टर मागच्या दाराने आले. कंबर धरून आले, त्यामुळे कारण विचारावं लागलं नाही. साहेबांनी फेरी मारली, चिठ्ठी खोचली. डॉक्टरांनी वाचली आणि आवाज चढवला.

"दहा महिन्यांत एवढी उतरली? झालंय काय हिला?"

"काही नाही झालं," साहेब म्हणाले. "गाडी उत्तम आहे."

"मग?"

"तुम्ही तिला शोरूमच्या बाहेर काढलीत, डॉक्टर. तेवढंच झालं."

डॉक्टर म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही मी इतकं थंडपणे नाही सांगत हो." पण सही करून गेले. गाडी आवारात राहिली.

चौदा महिने राहिली. दर महिन्याच्या एक तारखेला उभ्या गाड्यांच्या काचेवरची किंमत साहेब बदलायचे, तशी हिचीही बदलत होते. बॅटरी उतरू नये म्हणून उभी गाडी आठवड्यातून एकदा सुरू करावी लागते. त्या कामाला वर्कशॉपची माणसं आहेत. पण ही निळी गाडी साहेब स्वतः सुरू करायचे, दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. पंधरा मिनिटं आत बसून राहायचे. छप्पर बंद, गाडी जागेवर, हात चाकावर. वर्कशॉपची मंडळी म्हणायची, "साहेब निघाले बघा फिरायला." मीही हसायचो. मी त्यात पुढे होतो.

वहिनी, तुमच्या घरी तेव्हा सहा माणसं होती. तीन मुलं, तुम्ही दोघं आणि साहेबांच्या आई. त्या करड्या रंगाच्या मोठ्या गाडीतून तुम्ही सगळे शोरूमच्या वर्धापनदिनाला यायचात, ते मला आठवतं. दार उघडलं की आधी सामान बाहेर पडायचं, मग माणसं. अशा घरातल्या कर्त्या माणसाने दोन सीटच्या गाडीचा विचार करणं म्हणजे चार माणसांना रस्त्यावर उभं करण्यासारखं. आणि तसा विचार केला असता तरी आपल्या कंपनीचा नियम आडवा होता: जो किंमत लावतो, त्याने ती गाडी घ्यायची नाही. अध्यक्ष महोदयांनीच केलेला नियम आहे, आणि चांगला आहे. विक्रीसाठी असा काही नियम नाही, कारण विक्रीवर विश्वास टाकण्याची वेळ अजून कंपनीवर आलेली नाही.

मग एका बुधवारी ती गाडी मी विकली. एक तरुण जोडपं आलं होतं, साधी गाडी बघायला. मी त्यांना आवारात नेलं, छप्पर दुमडून दाखवलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी बोललो. काचेवर होती त्या किमतीला विकली. गुरुवारी साहेब किल्ली घेऊन आले, तर जागा रिकामी. मी धावत गेलो, शाबासकी घ्यायला.

"काल गेली, साहेब. तुमच्याच आकड्याला. एक छदाम कमी केला नाही."

"अरे वा," ते म्हणाले. "छान केलंत."

आणि मग ते त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. डबा शेडमध्ये तसाच होता. मला वाटलं, ऊन खात आहेत. माणसाचा चेहरा वाचून पोट भरणारा मी, त्या दिवशी मला काहीही वाचता आलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ती गाडी परत आली. त्या जोडप्याला आता जुळी मुलं आहेत. साहेब स्टुलावरून उठले, गाडीकडे बघितलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फेरी मारली नाही. हाताखाली नव्याने आलेल्या मुलीला म्हणाले, "हिची तू लाव." ती घाबरली. म्हणाली, "चुकलं तर?" साहेब म्हणाले, "मी बघणारच नाही." तिने लावली, आणि अगदी नेमकी लावली. तेव्हा, अध्यक्ष महोदय, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा पडला, पण पडला. किंमत त्यांनी लावलेली नाही, म्हणजे नियम आडवा येत नाही.

आज दुपारी साहेब पुढच्या दाराने आत आले. एकतीस वर्षांत ते या दाराने आल्याचं मी पाहिलं नव्हतं. ग्राहकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती निळी बघायची होती." मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली. ज्या माणसाला त्या गाडीचा प्रत्येक ओरखडा पाठ आहे, त्याला मी दहा मिनिटं माहिती दिली. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. ग्राहक होण्याची त्यांची किती तयारी झाली होती, ते मला तेव्हा कळलं.

टेस्ट ड्राइव्हला मी शेजारी बसलो. छप्पर मागे घेतलं. कालव्याकाठच्या सरळ रस्त्याला लागल्यावर, समोर बघत, साहेब म्हणाले, "तेव्हा मी किंमत चुकीची लावली होती."

"कुणाची?"

"हिचीच. चौदा महिने. दर महिन्याला थोडी चढी लावत होतो."

"का?"

"कुणी घेऊ नये म्हणून." मग गिअर बदलला. "तुम्ही कुणाला तरी घ्यायला लावाल, हे मी धरलं नव्हतं."

साहेब, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, त्याबद्दल माझ्यावर रागवा. पण तुमची नोकरी सहा वाजता संपली आणि आता साडेसहा झाले आहेत. अध्यक्ष महोदय, त्यांच्या हातून झालेली ही एकच चूक, आणि तीतही कंपनीचा फायदाच झाला. नुकसान कुणाचं झालं, ते इथे फक्त साहेबांना आणि मला माहीत होतं.

परत आल्यावर साहेबांना सीटवरून उठवायला मला आणि रखवालदाराला मिळून हात द्यावा लागला. उभे राहिले, विजार झटकली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." हे वाक्य मी हजारो लोकांकडून ऐकलं आहे. त्याचा अर्थ नाही असा असतो, आणि मी लगेच पुढच्या ग्राहकाकडे वळतो. आज वळता येईना. मी विचारलं, "साहेब, अडचण कसली आहे? किंमत तर आता खाली आली."

म्हणाले, "किमतीची नाही. घरी कसं सांगू? मुलं आपापल्या गावी गेली, आई गेली, आता आम्ही दोघंच. दोन सीट पुरतात. पण हिला वाटेल, म्हातारपणी हे काय खूळ. तीन आठवडे रोज ठरवतो, आज विचारू. जेवायला बसलो की भाजीबद्दल बोलतो."

तेव्हा वहिनी, हे भाषण साहेबांबद्दल होतं असं वरवर दिसलं असेल. विकायची सवय जात नाही, त्यामुळे ते तुमच्यासाठीच होतं. साहेब तो प्रश्न आजही विचारणार नाहीत, उद्याही नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी विचारतो. त्या निळ्या गाडीत त्यांच्या शेजारी बसाल का? उत्तर मला नको. साहेब तिथे हाराखाली मान घालून बसले आहेत, त्यांना द्या. सोमवारपर्यंत आवारात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगणार आहे की ती गाडी दाखवण्यासारखी नाही. आयुष्यात प्रथमच ग्राहकाला गाडी घेऊ नका म्हणून सांगायचं आहे. जमतं का ते बघू.

मला इतका वेळ दिलात, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणां सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात जे सांगायला नको होतं ते सांगून बसलो असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या सभागृहाने मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आणि साहेब, त्या बुधवारबद्दलही.