समोर बसून शिकलेली गिटार

मंडळी, घसा बसलाय. कीर्तनाचा सलग सातवा दिवस. आज मोठ्यानं काही नाही — जवळ सरका, हळू सांगतो.

प्रश्न एवढाच. गुरू कुठं बसलेला असावा? समोर, की शेजारी?

समोर म्हणालात. सगळेच म्हणतात. बरं, मग मी करतो तसं करा. हा हात वर. करा की, पैसे पडत नाहीत. बघा — मी उजवा केला, आणि पुढच्या रांगेतल्या निम्म्या पोरांनी डावा केला. हसू नका त्यांना. जसं दिसलं तसं केलं त्यांनी. खाली घ्या हात. आता ऐका.

मिरज. तंबोऱ्यांचं गाव. आणि त्या गावात एक गिटारवाला, दिगंबर मास्तर. लग्नं, गणपतीचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा — तीस वर्षं गिटार. बायको रत्नप्रभाबाई. प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर. घरी मास्तर गिटारीला हात लावायचे नाहीत. ती कव्हरात, कपाटावर. 'दुकान घरी आणायचं नाही,' म्हणायचे. म्हणजे बाईंनी नवऱ्याला वाजवताना पाहिलं ते फक्त समोरून. ध्यानात ठेवा.

एका सकाळी दाढी करताना मास्तर कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महिना दवाखान्यात, नाकातून नळी. ती नळी मास्तरांनी डाव्या हातानं तीनदा उपसली. शेवटी हात बांधला.

— बांधलेला हात बघत बाई किती दिवस बसल्या, ते मी सांगणार नाही. पुढं चला.

घरी आणलं. बोलायला शिकवणारी एक बाई यायची, ती म्हणाली, "काकू, कधीकधी शब्द जातात पण चाल राहते. त्यांची गाणी त्यांच्यापुढं वाजवा. रेडिओवर नको, माणसानं वाजवलेली."

"माणूस कुठला आणू?"

"तुम्ही आहात की."

रत्नप्रभाबाई, वय एकसष्ट. चार वाजता उठायचं, अंथरूण बदलायचं, मास्तरांना पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि वर गिटार. पण शब्द यायचा असेल तर? मुलीनं फोनवर शिकवणीचे व्हिडिओ लावून दिले. बाईंनी गिटार खाली उतरवली. पिठाचा डबा खिडकीत, डब्याला टेकवून मोबाईल, त्यापुढं बाई, आणि बाईंच्या पाठीमागं — खाटेवर मास्तर.

पुन्हा सांगतो. पाठीमागं. बाईंना गुरू हवा होता म्हणून त्यांनी गुरूकडं पाठ केली. ज्यानं तीस वर्षं वाजवली तो मागं, आणि जो व्हिडिओत आहे तो पुढं. बाईंना बोल लावायची माझी हिंमत नाही. तुमची आहे?

व्हिडिओतला गुरू दाढीवाला, तरुण, फार प्रेमळ. "चला दोस्तांनो, हे बोट इथं. ते बोट तिथं. जमलं? मस्त." बाईंनी तार दाबायच्या आधीच मस्त! न ऐकता शाबासकी देणारा गुरू मिळाला की शिष्याचं कल्याणच. पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमचाही गुरू असाच होता.

बाईंची बोटं सोलली. फोड आले, फुटले. त्याच बोटांनी कणीक मळायची — मिठाची. सूर काही लागेना. दाढीवाला मस्त म्हणतोय आणि इथून पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज.

असे दोन महिने. आणि एका संध्याकाळी मागून —

"उलटी."

मास्तर बोलले, मंडळी. शब्द आला. बाई इतक्या हरखल्या, इतक्या घाबरल्या, की गिटार टाकून स्टीलचं तसराळं घेऊन धावल्या. हनुवटीखाली धरलं. पाठ चोळली. "येऊ द्या, अहो. येऊ द्या."

काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिटार घेतली. "उलटी." तसराळं. काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मास्तरांनी तसराळ्याला डाव्या हाताचा फटका मारला, ते मोरीपर्यंत घरंगळत गेलं. बाई वाकल्या, उचललं. आजारी माणूस चिडकं होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

डॉक्टरांना फोन. मळमळीची गोळी सुरू. गोळीनं गुंगी. गुंगीत घास गालात तसाच राहायचा. दोन आठवड्यांत खाणं पाव हिश्श्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, "पोटात जात नाही, वर उलटीची तक्रार. फुप्फुसात गेलं तर अवघड होईल. गुरुवारी सिस्टरला पाठवतो. नळी घालू."

नळी.

बाईंनी विचारलं, "हात बांधावा लागेल का हो?"

डॉक्टर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, ते तुम्हालाही कळतं.

गुरुवार. सिस्टर चारला येणार. बाईंनी सकाळची गोळी दिलीच नाही. ठरवून नाही — दमणुकीनं विसरल्या. देव कुठून येतो विचारता ना? कधी विसरण्यातूनही येतो. दुपारी मास्तर टक्क जागे. बाईंना वाटलं, नळीच्या आधी एकदा वाजवू. मोबाईल लावला. गोल गोल फिरत राहिला. नेट नाही. दाढीवाला तोंड उघडं ठेवून थिजलेला.

बाईंची कंबर धरली होती. स्टुलावर बसवेना. त्या उठल्या आणि, कशाला ते त्यांनाही माहीत नाही, गिटार घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. मास्तरांच्या उजव्या बाजूला, मेलेल्या बाजूला. गिटार हातात घेतल्यापासून पहिल्यांदा शेजारी.

मास्तर म्हणाले, "उलटी."

सवयीनं बाईंचा हात तसराळ्याकडं गेला. तेवढ्यात मास्तरांचा डावा हात अंगावरून आडवा आला आणि त्यानं गिटारीचा गळा धरला. ओढला. बाईंच्या अंगात विरोध करायचंही बळ नव्हतं. गिटार त्यांच्या मांडीवरून सुटली, फिरली, मास्तरांच्या पोटावर आडवी झाली. गळा आता डावीकडं. जाड तार वर, बारीक तार खाली.

बाई बघत राहिल्या. एका हातात तसराळं.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही उलटी होती?"

मास्तरांनी डोळे मिटले. चष्म्याशिवाय बाईंना नीट दिसेना, पण उशी ओली होत होती.

समोर बसलेल्याचा डावा हात आपल्या उजवीकडं असतो हो. आयुष्यभर समोरून पाहिलेलं, व्हिडिओत समोरून पाहिलेलं — बाईंनी तसंच्या तसं केलं. आरशासारखं, गळा उजव्या हातात. मागं पडलेला माणूस ती उलटी गिटार बघत होता, आणि जो एकच शब्द त्याच्या तोंडाला आला, त्या शब्दाखाली आपण भांडं धरलं.

मास्तरांच्या तीन बोटांनी तारा दाबल्या. जाग्यावर. उजवा हात चादरीवर तसाच पडलेला. बाईंनी तसराळं ठेवलं, आणि त्या मेलेल्या हाताच्या जागी आपला उजवा हात नेऊन अंगठा वरून खाली ओढला.

लागला. सूर लागला.

"आता?" बाईंनी विचारलं.

मास्तरांचं तोंड वाकडं झालं, लाळ आली. "सु… सुलटी."

सिस्टर दारात उभी. हातात नळीचं पाकीट, पायात दिवसभराचे जिने. "काकू, डोकं धरा जरा."

"सिस्टर, यांना उलटी होतच नव्हती. गिटार उलटी होती."

"म्हणजे?"

"बसा. गोळी आज दिलेली नाही. पेज देते, तुम्हीच बघा."

सिस्टर बसली. एक वाटी पेज, अर्धा तास, चमच्या-चमच्यानं. सगळी गिळली. सिस्टरनं डॉक्टरांना फोन लावला, दोनदा तेच सांगितलं, आणि पाकीट पिशवीत टाकलं. "गोळी बंद म्हणालेत. सोमवारी वजन बघतो म्हणालेत." मग जाता जाता, "परत एकदा वाजवा ना."

मास्तर नंतर घडाघडा बोलायला लागले, असं मी सांगणार नाही. नाही लागले. दोनाचे सात शब्द झाले वर्षात. बाई अजून चारला उठतात. कंबर अजून धरते. पण रोज दुपारी एका गिटारीवर दोन माणसांचे दोन हात असतात.

आता तुम्ही. तुमच्या घरात कुणीतरी एकच शब्द रोज म्हणतंय. सून म्हणत असेल 'राहू दे'. बाप म्हणत असेल 'काही नको'. आणि तुम्ही दमलेले आहात, मला दिसतंय, प्रेमानंच भांडं घेऊन धावताय. मी तुम्हाला शेजारी बसा म्हणणार, तुम्ही माना डोलावणार. पण मी हे सांगतोय कुठून? समोर उभं राहून. म्हणजे हेही तुमच्यापर्यंत उलटंच पोचणार.

तेव्हा पुरे. ही गळ्यातली वीणा घ्या हो कुणीतरी. मी खाली येतो.

सरका जरा.