पालथी होडी

घड्याळवाल्या बाई : तुम्ही वर बघू नका म्हणालात, म्हणून तर बघितलं!

धाकटा : अहो, जळमटं आहेत म्हणून म्हणालो. ताईचा हात आता तिथवर पोचत नाही.

घड्याळवाल्या बाई : जळमटं दिसतायत कुणाला! ह्या वाकवलेल्या तुळया, मधून हा एवढा लांब कणा... मोठ्या माशाच्या पोटात शिरल्यासारखं झालंय मला.

धाकटा : माशाच्या नाही, होडीच्या. पणजोबा नदीवर होड्या बांधायचे. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यानं सांगितलं, आधी घर बांध, मग मुलगी ने. आता ह्यांना घर कुठं बांधता येतंय? जे येत होतं ते बांधलं आणि पालथं घातलं. गाव हसलं. पण पणजी म्हणे आत आली, वर बघितलं आणि हातातलं गाठोडं खाली ठेवायचंच विसरली.

घड्याळवाल्या बाई : माझीही पिशवी खांद्यालाच आहे बघा. आपण नदीच्या तळाशी उभे आहोत आणि वरून कुणीतरी वल्हवत चाललंय, असं वाटतं.

धाकटा : लहानपणी निजल्या निजल्या मला तेच वाटायचं. आभाळ म्हणजे पाणी, आणि आमचं घर त्याच्यावर तरंगतंय.

घड्याळवाल्या बाई : असं बोलणारा माणूस घर विकतो कशाला हो?

धाकटा : ताईसाठी. जन्मभर गावाचे कपडे शिवले, आईवडिलांचं केलं, स्वतःचं काही मांडलंच नाही. आता एकटी असते. उद्या पाय घसरून पडली तर कळणार कुणाला? माझ्याकडे तिची खोली तयार आहे. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. विचारलं तर एका शब्दात हो म्हणाली.

घड्याळवाल्या बाई : आणि ही जमीन? हीसुद्धा लाकडाची?

धाकटा : तीही होडीसारखीच बांधलेली. खिळा नाही कुठं, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. दारापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत अख्ख्या फळ्या, खाली पोकळ. तुम्ही फरशी घालणार म्हणालात ना? खुशाल घाला.

ताई : चहा घ्या. बाई, तुम्ही आधी बसा बघू. डावा गुडघा दुखतोय ना?

घड्याळवाल्या बाई : अगंबाई! तुम्ही तर आत होतात, ताई. मला चालताना पाहिलंत कधी?

ताई : दारातून आलात तेव्हा एक पाऊल पडलं, एक ठेवलंत. ठेवलेलं पाऊल दुखरं असतं.

धाकटा : ऐकलंत? आमच्या ताईचे कान सशाचे. पायरीवर मांजर चढलं तरी हिला आत कळतं.

ताई : थांबा, बिस्किटं राहिलीच.

घड्याळवाल्या बाई : ताई, राहू द्या हो बिस्किटं! ताई! ...गेल्या. एक विचारू? रागावू नका. तुमच्या ताईंना ऐकू येतं का?

धाकटा : काहीतरीच काय! आत्ताच बघितलंत ना?

घड्याळवाल्या बाई : मघाशी त्या आत चहा करत होत्या तेव्हा मी इथून दोनदा मोठ्यानं म्हणाले, साखर नको. हा घ्या, पाक आहे नुसता. आणि आत्ताही मी हाका मारल्या त्या तुम्ही ऐकल्यात. माझ्या वडिलांचे कान गेले होते. दुकान त्यांचंच, घड्याळं मी त्यांच्याकडूनच शिकले. कान गेल्यावर ते घड्याळ दाताला लावून टिकटिक ओळखायचे. कुणाला पत्ता नव्हता. मला ते बघणं ओळखीचं आहे हो. तुमच्या ताई डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात.

धाकटा : अहो, दर रविवारी तिचा फोन येतो, बोलतो मी तिच्याशी.

घड्याळवाल्या बाई : तुम्ही बोलता?

धाकटा : म्हणजे... तीच बोलते. मोगरा फुलला, शेजारणीची सून आली, तू जेवणाकडे लक्ष दे, ठेवते. मी म्हणतो, ताईला बोलायला इतकं आवडतं, बोलू द्यावं. मला वाटायचं... थांबा. थांबा जरा.

(ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पाठमोरी. धाकटा दारातच थांबतो.)

धाकटा : ताई. ...ताई! ...अगं ताई, इकडे बघ!

घड्याळवाल्या बाई : टाच आपटा. हळूच.

ताई : काय रे? लहानपणीसारखा पाय का आपटतोस? भूक लागली?

धाकटा : ताई... कधीपासून?

ताई : तोंडावरचा हात काढ, मग बोल.

धाकटा : कधीपासून ऐकू येत नाही तुला?

ताई : बाईंनी सांगितलं वाटतं. चांगल्या आहेत. घड्याळं दुरुस्त करणारी माणसं दम धरून बघतात.

धाकटा : ताई!

ताई : आई गेल्यावर हळूहळू गेलं. आधी पाखरं गेली, मग मशीनची खडखड, मग माणसं. मी घाबरले रे. दाराला कडी घालून बसायचे. एकदा अशीच इथं उभी होते, आणि पायाखाली काहीतरी आलं. टपटप, टपटप. वळून बघते तर दूधवाला. मग रोज बघायला लागले. शेजारीण फळी दाबत येते, तिची नात फळीवरून उडत येते, आणि मांजर आलं की फळी नुसता श्वास घेते.

घड्याळवाल्या बाई : होडीच्या एका टोकाला कुणी पाय ठेवला की दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळतं... तसं?

ताई : तसंच. पणजोबांना दुसरं काही बांधताच येत नव्हतं ना.

घड्याळवाल्या बाई : मी इथं अनवाणी उभी राहू का? आणि तुम्ही जा हो, दारापर्यंत जाऊन परत या. नेहमीसारखे चाला.

धाकटा : चालतोय.

घड्याळवाल्या बाई : काही नाही... काही नाही... आलं! ताई, आलं! तळव्यात आलं, इथं, घोट्यापर्यंत! देवा, हे घर बोलतंय!

ताई : अंगठ्यांवर जोर द्या. कळलं? उजवं पाऊल तो आत वळवून टाकतो. चालायला शिकला तेव्हापासून.

घड्याळवाल्या बाई : काटा आला हो अंगावर. आणि मी ह्याच्यावर फरशी घालणार होते.

धाकटा : ताई, तो मी पाठवलेला गालिचा... तू पेटीत ठेवून दिलास. मी किती दिवस मनाला लावून घेतलं होतं.

ताई : सुरेख आहे रे. पण अंथरला असता तर मी खरोखरची बहिरी झाले असते.

धाकटा : आणि आमच्याकडे आली होतीस तेव्हा दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचीस. ही म्हणाली, वन्सं रुसल्यात.

ताई : तुझी फरशी मुकी आहे. कोण कुठून येतं कळेना. सारखी दचकायचे. तिला सांग, रुसले नव्हते.

धाकटा : मग विकायला हो का म्हणालीस? सांगितलं का नाहीस मला?

ताई : सांगितलं असतं तर त्याच दिवशी उचलून नेलं असतंस. आणि हो म्हणाले, कारण गेल्या वेळी आलास तेव्हा रात्रभर येरझारा घालत होतास. तुझी काळजी माझ्या खाटेखालून जात होती, येत होती. म्हटलं, ह्याला एकदा निवांत झोप लागू दे.

घड्याळवाल्या बाई : मी निघते. नाही, उठू नका ताई, चहा फार छान होता. अहो, मला फाटकापर्यंत सोडता?

धाकटा : चला. ...बाई, तुम्ही इतक्या लांबून आलात. कसं सांगू तुम्हाला...

घड्याळवाल्या बाई : नका सांगू. घर मिळालं असतं तर एक घर मिळालं असतं. आज जे मिळालं ते कुणाला सांगितलं तर खरंसुद्धा वाटणार नाही. छपराची डागडुजी करायची झाली तर होडी बांधणारा माणूस शोधा, गवंडी नको. आणि तिला एकटीला ठेवायचं नसेल तर तुम्ही येत जा. जा आत.

ताई : आलास? बाईंना नाही म्हणालास ना?

धाकटा : तू तर पाठमोरी...

ताई : गेलास तेव्हा ओझं घेऊन गेलास. येताना मोकळा आलास.

धाकटा : ताई, मला तुला खूप काही सांगायचं होतं. कित्येक रविवार. तू फोन ठेवून द्यायचीस.

ताई : ये, इथं उजेडात बस. तोंड माझ्याकडे कर. हां. आता सावकाश बोल, मी बघतेय.